ओळख पटल्याशिवाय 'द' मिळणार नाही

बसडेपोच्या मागच्या अंगाला, जुन्या टायरांच्या ढिगाला वळसा घालून गेलं की एक खिडकी लागते. खिडकीवर पाटी आहे, 'हरवलेल्या वस्तू', आणि खिडकीत छातीपर्यंत दिसणारा एक माणूस आहे. त्याचं खरं नाव डेपोतल्या हजेरीपटाशिवाय कुणाला ठाऊक नाही. गावभर त्याला 'सापडलेसाहेब' म्हणतात. साहेब कसले, सत्तावीस वर्षं तात्पुरत्या पदावरचा कारकून! पण म्हणतात खरं.

काम सरळ होतं. बसमध्ये कुणी काही विसरलं की कंडक्टर ते आणून द्यायचा. सापडलेसाहेब त्याला चिठ्ठी बांधून फळीवर ठेवायचे. मालक आला की त्याची कसून चौकशी करायचे, फॉर्म भरून सही घ्यायचे आणि मगच वस्तू द्यायचे. भिंतीवर नियमांचा कागद होता. पहिला नियम : ओळख पटल्याशिवाय वस्तू कुणालाही देऊ नये. दुसरा नियम : वस्तू चालू स्थितीत ठेवावी.

आता हा दुसरा नियम कुणी लिहिला देव जाणे, पण सापडलेसाहेबांनी तो मनावर घेतला. दर शनिवारी ते फळीवरच्या सगळ्या छत्र्या उघडून मिटायचे. घड्याळांना चावी द्यायचे. एकदा कुणाचीशी कवळी आली होती, तिचंही त्यांनी काहीतरी केलं म्हणतात, त्यात आपण शिरायला नको. आणि पुस्तकं? पुस्तक चालू स्थितीत ठेवायचं म्हणजे वाचायचं, दुसरं काय!

खिडकीसमोरच, रस्त्यापलीकडे, इंग्रजीचा क्लास होता. तिथली मंडळी संध्याकाळी चेहरे पाडून बसमध्ये चढायची आणि उतरताना व्याकरणाची पुस्तकं सीटखाली 'विसरायची'. ती मागायला कधी म्हणून कुणी यायचं नाही. बघता बघता त्रेसष्ट व्याकरणं जमली. सापडलेसाहेब दर शनिवारी ती चालू स्थितीत ठेवत राहिले, आणि सत्तावीस वर्षांत या माणसाला इंग्रजी असं काही पाठ झालं की समोरच्या क्लासच्या सरांनी खिडकीकडे तोंड करून बसणं सोडून दिलं.

पहिली आली ती दवाखान्यातली नर्स. तिचा डबा हरवला होता. डबा मिळाला, सही झाली, तरी बाई हलेनात.

"अजून काही हरवलंय का?" सापडलेसाहेबांनी विचारलं.

"माझं नाही हो, माझी एक मैत्रीण आहे," नर्स म्हणाली. "तिनं रजेचा अर्ज इंग्रजीत लिहिलाय. मोठ्या डॉक्टरीणबाई म्हणतात, यात कुठेतरी 'द' राहिलाय."

दुसऱ्या कुणी हसून सोडून दिलं असतं. सापडलेसाहेबांनी नवा फॉर्म ओढला. वस्तू : 'द'. आकार : लहान. रंग : सांगता येत नाही. कुठे हरवली : रजेच्या अर्जात. शेवटची कधी पाहिली?

"मागच्या वर्षीच्या अर्जात होता," नर्स म्हणाली.

त्यांनी अर्ज वाचला, चौकशी केली, 'हॉस्पिटल' शब्दाच्या अलीकडे बोट ठेवलं, एका चिठ्ठीवर 'द' लिहून दिला आणि सही घेतली. नर्सला रजा मिळाली. ही बातमी गावात फिरायला एक दिवस पुरला.

मग काय विचारता! छत्रीवाले मागे राहिले आणि रांगेत शब्दवाले पुढे. 'मच' की 'मेनी', 'डू' की 'मेक', 'इन' की 'ॲट'. प्रत्येक जण मित्रासाठीच विचारायला आलेला. गावात एवढे अडाणी मित्र असतील असं कुणाला वाटलं नव्हतं. सापडलेसाहेब प्रत्येकाची रीतसर चौकशी करायचे, कारण नियम म्हणजे नियम.

"घरमालकाला पत्र लिहिलंय," धोबी म्हणाला. "खाली 'युअर्स फेथफुली' टाकू का?"

"तुम्ही आहात का त्यांचे विश्वासू?"

"छे हो! एक नंबरचा चालू माणूस आहे तो."

"मग विचार करा आणि उद्या या."

धोबी खरोखर रात्रभर विचार करून दुसऱ्या दिवशी आला.

काही लोकांकडे शब्द जास्तीचे निघायचे. 'डिस्कस'च्या मागे 'अबाउट', 'रिटर्न'च्या मागे 'बॅक', 'कझिन'च्या मागे 'ब्रदर'. सापडलेसाहेब ते कात्रीने कापून घ्यायचे आणि बेवारस वस्तू म्हणून जमा करायचे. छत्र्यांच्या खालच्या फळीवर बिस्किटांच्या तीन डब्यांत दोनशेच्या वर 'अबाउट' पडून होते. कुणाला खरोखरच 'अबाउट' लागला की त्यातलाच एक झटकून, ऊन दाखवून द्यायचे. फुकटचा नवा शब्द त्यांनी कुणाला कधी दिला नाही.

इतकं सगळं होतं, पण माणूस तात्पुरताच राहिला. कायम व्हायला खात्याचा इंग्रजीचा पेपर पास व्हावा लागतो. वीस गाळलेल्या जागा, दहा बरोबर आल्या की पास. हसाल तुम्ही, पण सापडलेसाहेब त्यात बावीस वेळा नापास झाले होते. तेही शून्य मार्क मिळवून, बावीसच्या बावीस वेळा.

कारण सांगतो. पेपरात लिहिलेलं असायचं : 'तो मनुष्य सोमवार____ वाट पाहत आहे', अर्थात इंग्रजीत. शेंबड्या पोराला कळेल की तिथे 'सिन्स' पाहिजे. सापडलेसाहेबांनाही कळायचं. पण तो मनुष्य कोण? तो समोर आलेला नाही, त्यानं मागणी केलेली नाही, त्याची ओळख पटलेली नाही. आणि त्याचा शब्द हे भलत्याच कुणाच्या तरी कागदावर ठेवून मोकळे होणार? हात चालायचा नाही बिचाऱ्यांचा. तीन तास बसून ते प्रत्येक गाळलेल्या जागेखाली सुवाच्य अक्षरात लिहायचे, 'मालक गैरहजर', आणि पेपर देऊन यायचे.

घरी बायको कपाळाला हात लावायची. ती शर्टांच्या कारखान्याचं काज-बटणाचं काम घरी आणून करायची. खिडकीजवळ मशीन, मशीनजवळ शर्टांचा गठ्ठा, आणि दिवसाला दीडशे शर्ट. संध्याकाळी सापडलेसाहेब चहाचा कप घेऊन मशीनशेजारी बसायचे आणि दिवसभराचं सांगायचे. आज कुणाची छत्री गेली, पोस्टमनचा 'द' कसा सापडला, न्हाव्याच्या वाक्यातून दोन 'अबाउट' कसे निघाले. ती काज करत करत ऐकायची.

"अहो, तुम्हाला येतं ना सगळं?" ती म्हणायची. "मग नुसतं लिहून या की! कोण बघायला येतंय?"

"अगं, उद्या तो माणूस आला आणि म्हणाला, माझा 'सिन्स' कुठे आहे, तर?"

यावर ती मशीन चालू करायची.

या वर्षी मात्र गोष्ट गळ्याशी आली. डेपो मॅनेजर स्वतः खिडकीशी आले. मॅनेजर म्हणजे सज्जन माणूस, पण कागदापुढे हतबल.

"सापडलेसाहेब, महिनाअखेरीला तुम्ही निवृत्त," ते म्हणाले. "कायम माणूस निवृत्त झाला तर त्याच्या जागी दुसरा येतो. तात्पुरता निवृत्त झाला तर जागाच रद्द होते. नियम आहे."

"मग खिडकी?"

"विटा लावून बंद. गवंडी माप घेऊन गेला परवा."

"आणि वस्तू?"

मॅनेजरांनी टायरांच्या ढिगाकडे पाहिलं. तेवढ्यानं सापडलेसाहेबांना कळायचं ते कळलं. रांगेत नऊ जण उभे होते, त्यांनाही कळलं. सापडलेसाहेबांचं स्वतःचं काय, ते घरी बसून चहा प्यायले असते. पण ही खिडकी गेली तर या लोकांनी जायचं कुठे? समोरच्या क्लासात? तिथे तर कुणी काही विचारूच देत नाहीत!

ते पेपराला बसले. मनाशी घोकून गेले होते, नुसतं लिहायचं, नुसतं लिहायचं. पेन उचललं. पहिल्याच वाक्यात एक बाई पूल ओलांडत होती. कोण बाई? कुठला पूल? संपलं. तेविसाव्यांदा शून्य.

पण परीक्षक हा भला माणूस निघाला. नाही म्हटलं तरी तोही दोनदा खिडकीवर येऊन गेला होता, 'माझा एक मित्र परीक्षक आहे' असं सांगून. 'मालक गैरहजर' हे अक्षर त्यानं ओळखलं. त्यानं नियमांचं पुस्तक उलथंपालथं केलं आणि एक पोटनियम शोधून काढला : निवृत्तीला आलेल्या उमेदवाराची शेवटची संधी म्हणून तोंडी परीक्षा घेता येईल, मात्र ती त्याच्या कामाच्या जागी, कामाच्या वेळेत.

म्हणून गुरुवारी दुपारी तीन वाजता परीक्षक खिडकीसमोर स्टूल टाकून बसला. शेजारी साक्षीदार म्हणून मॅनेजर. मागे नेहमीची रांग, आज जरा जास्तच लांब. आणि रांगेच्या अगदी शेवटी सापडलेसाहेबांची बायको. ती या खिडकीवर कधी आलेली नव्हती. आज तिनं मशीनवर कापड टाकलं, कुलूप लावलं आणि आली. हा माणूस आज तरी नीट वागतो की नाही ते तिला स्वतःच्या डोळ्यांनी पाहायचं होतं. ती कारकुनाची बायको आहे हे कुणाला माहीत नव्हतं, त्यामुळे ती गुमान रांगेत उभी राहिली.

"पहिलं वाक्य," परीक्षक म्हणाला. "तो मनुष्य सोमवार, गाळलेली जागा, बसची वाट पाहत आहे."

सापडलेसाहेबांचे ओठ हलले. शेवटी ते कसेबसे म्हणाले, "कोण मनुष्य?"

परीक्षकानं डोळे मिटले. मॅनेजर टायरांकडे बघू लागले. मागून बायको पुटपुटली, "झालं!"

आणि रांगेतून पोस्टमन पुढे आला. "मी."

"तुम्ही काय?"

"तो मनुष्य. मी आहे. सोमवारपासून वाट बघतोय, माझा शब्द द्या."

सापडलेसाहेबांनी त्याच्याकडे निरखून पाहिलं. हळूच एक फॉर्म ओढला. "कुठली बस?"

"बारा नंबर."

"बारा नंबर बंद होऊन चार वर्षं झाली."

"म्हणून तर वाट बघतोय!"

सापडलेसाहेबांनी क्षणभर विचार केला. पटलं त्यांना. चिठ्ठीवर 'सिन्स' लिहिलं, पोस्टमनच्या हातात दिलं. "इथे सही करा."

"बरोबर, एक," परीक्षक म्हणाला आणि ताठ बसला.

मग रांगेला चेव आला. 'मला साखर फारशी नको' हे वाक्य न्हाव्यानं मागितलं, डॉक्टरांची चिठ्ठी दाखवली आणि 'मच' घेऊन गेला. 'आम्ही भांडणावर चर्चा केली' यातली गाळलेली जागा धोब्यानं मागितली, तेव्हा सापडलेसाहेब म्हणाले, "इथे काही गाळलेलंच नाही. पेपर काढणाऱ्यानं फसवलंय. रिकामंच न्या." परीक्षकानं कागद उलटून पाहिला आणि चेहरा लाल करून मार्क दिला.

पण माणूस शेवटी सापडलेसाहेब! उपकार करणाऱ्यांवरही चौकशी तीच. 'गाय छपरा____ आहे' असं वाक्य आलं, तशी नर्स पुढे झाली. "गाय माझी आहे."

"रंग?"

"पांढरी." नर्सनं मागे पाहिलं. कुणीतरी मान हलवली. "म्हणजे, काळी."

"छप्पर कुणाचं?"

"छप्पर... भाड्याचं."

"बाई, ही गाय तुमची नाही."

"अहो सापडलेसाहेब, तुमच्यासाठीच करतोय ना सगळं!" नर्स कळवळून म्हणाली.

"तुम्हाला दिली आणि उद्या गायवाला आला तर?"

गायीचा मार्क गेला. त्या पाठोपाठ पूल ओलांडणारी बाई गेली, जहाजाचा कप्तान गेला, एक दगडही गेला, कारण आपण दगड आहोत हे शपथेवर सांगायला कुणी तयार होईना. एकेक वाक्य संपत चाललं होतं आणि बायको रांगेत एकेक पाऊल पुढे सरकत होती.

सोळाव्या वाक्याला आठ मार्क झाले होते. सतरावं आणि अठरावं वाया गेलं. एकोणिसावं वाक्य होतं, 'मी राजा, गाळलेली जागा, तर किती बरं झालं असतं.' कुणी पुढे होईना. मग मॅनेजरांनी खाकरून घसा साफ केला.

"ते माझं आहे," ते अगदी हळू आवाजात म्हणाले.

"तुमचं? शेवटचं कधी पाहिलं?"

"रोज संध्याकाळी वाटतं, फाइली बंद करताना." मॅनेजरांनी मान खाली घातली. "लहानपणापासूनच वाटतं."

कुणी हसलं नाही. सापडलेसाहेबांनी त्यांना 'वेअर' दिलं, सही घेतली. मॅनेजरांनी चिठ्ठीची घडी करून वरच्या खिशात ठेवली. नऊ मार्क.

"शेवटचं," परीक्षक म्हणाला. "त्या बाईला, गाळलेली जागा, आजवर कुणी काही विचारलेलं नाही."

रांग एकमेकांकडे बघू लागली. नर्स म्हणाली, "मला तर दिवसभर विचारतात, तोंडाला फेस येतो." भाजीवाली म्हणाली, "मलाही." एवढ्या बायका होत्या, पण खोटं बोलायची सोय नव्हती. गायीचं काय झालं ते सगळ्यांनी पाहिलं होतं. दोन मिनिटं गेली. परीक्षकानं घड्याळ काढलं. सापडलेसाहेब खिडकीची कड धरून उभे होते, आणि त्यांना ते उत्तर माहीत होतं, जिभेवर होतं, अगदी टोकावर. पण त्यांनी ते दिलं नाही.

"माझं आहे ते," मागून आवाज आला.

लोक बाजूला झाले. बायको खिडकीशी आली. सापडलेसाहेब बघतच राहिले. एकतीस वर्षांच्या संसारात त्यांनी तिला या बाजूनं कधी पाहिलं नव्हतं.

"अगं, तू?"

"फॉर्म घ्या," ती म्हणाली.

त्यांनी फॉर्म घेतला. "वस्तूचं वर्णन?"

"रोज संध्याकाळी येता. कुणाची छत्री गेली सांगता, कुणाचा शब्द गेला सांगता. मी ऐकते. सगळ्या गावाला विचारता तुम्ही, काय हरवलं, कुठे हरवलं, शेवटचं कधी पाहिलं. एक तरी दिवस मला विचारलंत?"

सापडलेसाहेबांचं पेन थांबलं. आता माणसानं निमूटपणे चिठ्ठी द्यावी की नाही? पण सत्तावीस वर्षांची सवय, तोंडातून निघून गेलंच : "पुरावा?"

नर्सनं चक्क तोंडावर हात ठेवला. पोस्टमन म्हणाला, "अहो साहेब, काय हे!"

बायको रागावली नाही. तिनं उजवा हात मुठीत मिटून पदराखाली घेतला. "या हाताच्या एका बोटात मशीनची सुई आरपार गेली. नख काळं पडलंय. कुठल्या बोटात, सांगा. आणि कधी?"

सापडलेसाहेबांनी आठवून पाहिलं. कालचा चहा आठवला, परवाचा आठवला. कप देणारा हात काही आठवेना. बोट दूरच राहिलं, त्यांना हातही आठवेना.

"हाच पुरावा," ती म्हणाली.

त्यांनी चिठ्ठीवर 'हॅज' लिहिलं. अक्षर वाकडं आलं. तिनं ती घेतली आणि सही करायला हात पुढे केला, तेव्हा दिसलं. मधलं बोट होतं. नख पार काळंनिळं झालेलं, वर सुती चिंधी गुंडाळलेली.

"दहा," परीक्षक म्हणाला. "पास. कायम." तो उठून उभा राहिला, मॅनेजरांनी त्याचा हात दाबला, रांगेत एकच गलका झाला. गवंड्याला निरोप धाडायला पोस्टमन धावत सुटला. खिडकी वाचली होती.

सापडलेसाहेबांना त्यातलं काही ऐकू आलं नाही. त्यांना लाज वाटत होती, भरल्या रांगेसमोर, कानशिलं तापेपर्यंत. ते आतलं दार उघडून बाहेर आले. त्यांना पाय आहेत हे बऱ्याच जणांनी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं.

"दुखतंय का गं?" त्यांनी विचारलं. "कधी झालं हे? मला का नाही..."

"घरी विचारा," ती म्हणाली. "इथे तुम्ही सही मागता."

पावणेचारला खिडकी बंद झाली. रांगेत अजून अकरा जण होते, त्यांच्या मित्रांचे शब्द अडले होते, पण कुणी हूं की चूं केलं नाही. दोघं टायरांच्या ढिगाला वळसा घालून रस्त्याला लागले. कोपऱ्यावर त्यांनी पुन्हा विचारलं, आणि ती सांगायला लागली. बोटाचं आधी सांगितलं, ते लवकर झालं. मग अगदी लग्नापासूनचं इतर. घराचं दार आलं तेव्हा ती लग्नानंतरच्या दुसऱ्या वर्षापर्यंत पोचली होती, म्हणून त्यांनी कुलूप काढलं नाही आणि दोघं तसेच पुढे चालत राहिले.